एस्ट्रिज कोण, म्हणे!

आज ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये पुन्हा तीच स्लाइड. स्टीव्ह जॉब्ज, १९८५, स्वतःच्याच कंपनीतून बाहेर, मग दणक्यात परत. टाळ्या. मी विचारलं, त्याच वर्षी बाजूला केलेल्या डॉन एस्ट्रिजचं काय? ट्रेनर म्हणाला, "कोण?"

अरे, ज्या आयबीएम पीसीच्या खापरपणतूवर तुझी स्लाइड चाललीय, तो बनवून घेणारा माणूस!

आयबीएमच्या न्यूयॉर्ककडच्या मुख्यालयापासून लांब, फ्लोरिडात बोका रॅटनला बसून त्याच्या टीमने साधारण वर्षभरात मशीन उभं केलं. १२ ऑगस्ट १९८१ ला जाहीर, किंमत १,५६५ डॉलरपासून पुढे. प्रोसेसर इंटेलचा, डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, प्रिंटर एप्सनचा. सुटे भाग विकायचे तर आयबीएमच्याच इतर विभागांनाही बाहेरच्यांच्या रांगेत उभं केलं. वर सर्किटच्या आकृत्या आणि बायॉसचं, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं, अख्खं लिस्टिंग पुस्तकात छापून विकायला ठेवलं. घ्या, बनवा कार्डं, खोचा स्लॉटमध्ये!

याला इंजिनिअर लागतातच, पण वरच्यांना दारातच थोपवणारा कुणीतरी लागतो. माझ्या पहिल्या नोकरीत असे एक साहेब होते. हेड ऑफिसचा फोन आला की "मी बघतो, तुम्ही काम करा" म्हणायचे आणि जिन्यात जायचे. तिथे काय काय ऐकून घ्यायचे, आम्हाला कधी कळलं नाही.

मग प्रॉडक्ट चाललं, आणि हेड ऑफिसला अचानक आमचा पुळका आला. साहेबांना 'बढती'. काचेची केबिन, हाताखाली कुणी नाही. एस्ट्रिजचं वेगळं काय झालं? विभाग हजारो माणसांचा झाला, लगाम मुख्यालयाने घेतला, आणि १९८५ मध्ये त्याला मॅन्युफॅक्चरिंगकडे उपाध्यक्ष करून पाठवलं. पीसीपासून दूर.

हो, घरगुती वापराचा पीसीज्युनिअर एस्ट्रिजच्याच काळात आपटला. मूळ प्रकल्प मंजूर करून आणला आयबीएमच्याच बिल लो यांनी, तेही मान्य. क्लोनवाल्यांनी, म्हणजे तसलेच पीसी बनवणाऱ्या इतर कंपन्यांनी, आयबीएमलाच खाल्लं, असंही ऐकवाल. ऐकवा. तोटा आयबीएमचा झाला, आपला नाही!

आणि याच जॉब्जने एस्ट्रिजला ॲपलचं अध्यक्षपद देऊ केलं होतं. गेला नाही. आमच्या साहेबांनाही बाहेरून बोलावणी यायची, तेही हलले नाहीत.

२ ऑगस्ट १९८५ ला डॅलसला उतरताना डेल्टाचं विमान कोसळलं, त्यात एस्ट्रिज आणि त्याची बायको, दोघंही गेले. वय ४८. पुनरागमन करणार कुठून?

जाऊ दे. ट्रेनर पोरगाच आहे, हातात दिलेली स्लाइड दाखवतो बिचारा.

आमच्या साहेबांचा नवा नंबर कुणाकडे असेल तर इनबॉक्समध्ये टाका. जुना लागत नाहीये.