रेकॉर्डचं बटण दाबलं की कोर्स तयार होत नाही

प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच: "ऑनलाइन कोर्सला काय लागतंय? वर्गातलं लेक्चर रेकॉर्ड करा, पीपीटी अपलोड करा. एकदा केलं की दहा वर्षं बघायला नको. एक चांगला सर लाखभर पोरांना पुरतो. आजची पोरं मोबाईलवरच जगतात, त्यांना वेगळं काही सांगायला नको. परीक्षा एमसीक्यूची, तपासायचा ताप नाही." खाली जोडलेले हात आणि 'सर्वांना पाठवा'.

मी कोल्हापुरात बी.कॉम.च्या मुलांना जीएसटी शिकवतो, त्यातला काही भाग ऑनलाइन असतो. या मजकुरातलं प्रत्येक वाक्य संस्थाचालकांच्या कानाला गोड लागणारं आहे. म्हणून एकेक घेतो.

"वर्गातलं लेक्चर रेकॉर्ड करा." फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन या संशोधकांनी २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सांच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्सांमधली सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, त्यावर मुलं साधारण सहा मिनिटांच्या वर टिकत नव्हती. मग तासाभराच्या लेक्चरचे दहा तुकडे करू, असं कुणीही म्हणेल. त्याचंही उत्तर त्याच अभ्यासात आहे: वर्गातलं लेक्चर चांगलं चित्रित करून तुकड्यांत दिलं, तरी ऑनलाइनसाठी मुद्दाम बनवलेल्या व्हिडिओइतकं ते धरून ठेवत नाही. मला यात नवल वाटत नाही. वर्गात मी चार चेहरे कोरे दिसले की थांबतो, मागं जातो, उद्यमनगरातल्या फौंड्रीचं उदाहरण काढतो. ते लेक्चर त्या चेहऱ्यांसाठी असतं. रेकॉर्डिंग बघणाऱ्याला त्यातलं निम्मं दुसऱ्याचं संभाषण वाटतं.

ऑनलाइन कोर्स उलट्या टोकाकडून बांधावा लागतो. सेमिस्टरच्या शेवटी मुलाला काय करता आलं पाहिजे, हे आधी लिहायचं. माझ्या बाबतीत, दुकानाचं बिल हातात दिल्यावर त्यातला कर बरोबर की चूक हे कारणासकट सांगता यावं. मग ते जमलं हे कशावरून कळेल ते काम ठरवायचं, मग त्या कामापर्यंत नेणारे छोटे सराव. व्हिडिओ सगळ्यात शेवटी, आणि कित्येक घटकांना तो लागतही नाही. दोन पानी टिपण आणि तीन बिलांचे फोटो पुरतात.

"दहा वर्षं बघायला नको." ९०० रुपयांची कोल्हापुरी चप्पल घ्या. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तिच्यावर १८ टक्के कर. जुलै २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला. १ जानेवारी २०२२ पासून १२, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हा ५. २०२३ मधला माझा व्हिडिओ आज लावला तर मी मुलांना चूक शिकवीन, तेही आत्मविश्वासानं. इतिहास किंवा व्याकरण शिकवणाऱ्यांचं रेकॉर्डिंग जास्त टिकेल, हे मान्य. पण तिथंही मुलं कुठं अडली हे पाहून दर वर्षी सराव बदलावे लागतात.

"एक सर लाखभर पोरांना पुरतो." हा प्रयोग जगानं केलेला आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या खुल्या कोर्सांचा आढावा २०१९ मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आला. २०१७-१८ साली नाव नोंदवलेल्यांपैकी ३.१३ टक्क्यांनी कोर्स पूर्ण केला. बरेच जण नुसते डोकावायला येतात, म्हणून हा आकडा एकटा वापरणं अन्यायाचं होईल. पण प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांतही पूर्ण करणारे ४६ टक्केच होते. सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीनं २०१३ मध्ये युडॅसिटी या ऑनलाइन कोर्सांच्या कंपनीसोबत श्रेयांक (क्रेडिट) देणारे कोर्स सुरू केले आणि उत्तीर्णांचं कमी प्रमाण पाहून त्याच वर्षी जुलैत ते थांबवले.

लाखभर मुलांना व्हिडिओ पुरेल, उत्तरं कोण देणार? सुट्या गुळावर जीएसटी नाही, पॅकबंद आणि लेबल लावलेल्यावर ५ टक्के, असं मी लिहिलं. लगेच एकानं विचारलं, "सर, अख्खा रवा पोत्यात शिवून वर नाव छापलं तर ते लेबल झालं का?" रवा म्हणजे गुळाची ढेप; त्याच्या घरी गुऱ्हाळ होतं. रवा दहा किलोचा की तीस किलोचा यावर उत्तर अवलंबून आहे, कारण पॅकबंदची ही व्याख्या २५ किलोपर्यंतच लागते. तो प्रश्न चर्चेत आला आणि त्या घटकाला जीव आला. ऑनलाइन कोर्सांच्या सरकारी 'स्वयं' पोर्टलची रचनाही नुसत्या व्हिडिओची नाही: व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा असे चार भाग तिथं अपेक्षित आहेत. फॉरवर्ड करणाऱ्यांना त्यातला पहिलाच दिसतो.

"पोरं मोबाईलवरच जगतात." जगतात, पण कुणाच्या मोबाईलवर? गगनबावड्याकडच्या वाडीत घरात एक स्मार्टफोन, तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोळची गावंच्या गावं पाण्यात होती. त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये मी कसलीच अंतिम तारीख ठेवत नाही. एका गोष्टीत मात्र मजकूर बरोबर आहे. शिरोली एमआयडीसीत रात्रपाळी करून शिकणाऱ्या मुलाला सकाळी आठचं लेक्चर नको, त्याला पुन्हा पुन्हा बघता येईल असं काहीतरी हवं. तेवढ्यासाठीसुद्धा ऑनलाइन नीट करण्यासारखं आहे.

"एमसीक्यू घ्या, ताप नाही." फौंड्रीनं १,००,००० रुपयांचं भंगार घेतलं, १,५०,००० रुपयांची कास्टिंग विकली, दोन्हीवर १८ टक्के. रोख किती भरायचे? विक्रीवरचा कर २७,०००, त्यातून खरेदीवर आधीच भरलेल्या कराचं क्रेडिट १८,००० वजा, म्हणजे ९,०००. आता एखादा मुलगा ५०,००० च्या फरकावर थेट १८ टक्के काढतो. उत्तर तेच, ९,०००. एमसीक्यूत त्याला पूर्ण गुण. मग खरेदीतले २०,००० डिझेलचे करा. डिझेल जीएसटीबाहेर, त्याचं क्रेडिट मिळत नाही. क्रेडिट उरलं १४,४०० आणि भरायचे १२,६००. तो मुलगा अजूनही ९,०००च म्हणणार, आणि का म्हणतोय हे त्याच्या चार ओळी वाचल्याशिवाय कळत नाही.

त्या चार ओळी प्रत्येकाच्या वाचायच्या, खाली दोन ओळी लिहायच्या, हा ताप आहेच. वर्गातल्या तासांहून जास्त वेळ तिथं जातो, आणि प्राध्यापकांच्या वर्कलोडच्या तक्त्यात त्याला रकाना नसतो. मजकुरात बदल करून पुढं पाठवायचाच असेल, तर तो रकाना मागा.