दहापैकी दहा

परवा मी स्वतःच स्वतःला एक प्रमाणपत्र दिलं. 'प्रमाणित करण्यात येते की, सदर प्राध्यापक हे वेबसाइट समितीचे समन्वयक म्हणून समाधानकारक काम करीत आहेत.' खाली सही माझी, शिक्का माझ्याच विभागाचा. 'समाधानकारक' हा शब्दही मीच निवडला. 'उत्कृष्ट' लिहिलं असतं तर आस्थापनेतल्या भाऊसाहेबांना संशय आला असता.

प्रकरण पदोन्नतीचं. मी पुण्यातल्या एका मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटमध्ये इन्फर्मेशन सिस्टिम्स शिकवतो. आमच्यासारख्या कॉलेजांवर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे आमचं चौफेर मूल्यमापन १०० गुणांत बसवलेलं आहे. शिकवण्याचे २५, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे २५, विभागातल्या कामांचे २०, गोपनीय अहवालाचे १०, समाजासाठी काही केलं असेल तर १०, आणि संस्थेसाठी केलेल्या कामांचे १०. यातल्या संस्थेच्या दहा गुणांसाठी मी भाऊसाहेबांच्या टेबलासमोर उभा होतो. उभा म्हणजे उभाच. समोरच्या खुर्चीत कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायली बसल्या होत्या.

मला वाटलं होतं, बाकीचे नव्वद कसेही जावोत, हे दहा आपलेच. सीसीटीव्ही, बायोमेट्रिक हजेरी, प्रवेशाचा पोर्टल, नॅकचा डेटा, वेबसाइट, ज्या वस्तूला वायर आहे तिच्या समितीवर मी आहे. वायफाय आलं तेव्हा सुटेन असं वाटलं होतं. त्याचीही समिती झाली.

याला कारण आमचा विषय. तो नेमका काय आहे हे आमच्या कॉलेजातही फारसं कोणाला ठाऊक नाही. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात गॉर्डन डेव्हिस यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस या विषयाची पीएचडी सुरू केली, तिथूनच १९७७ मध्ये आमच्या क्षेत्रातलं सर्वांत मानाचं नियतकालिक निघालं. संस्था एवढा पैसा घालून संगणक घेते, मग माणसं तो वापरतात का, नसतील तर का नाही, आणि वापरल्यावर कोणाच्या हातातली सत्ता कोणाच्या हातात जाते, असले आमचे प्रश्न. स्टाफरूममध्ये याचा सारांश 'सिस्टिमवाले सर' असा होतो. फायनान्सच्या सरांना कोणी काउंटरवर फीच्या नोटा मोजायला बसवत नाही. एचआरच्या मॅडमना शिपायांच्या रजा लावायला सांगत नाही. मार्केटिंगवाल्यांना मात्र प्रवेशाच्या सीझनला पत्रकं घेऊन गावोगाव पाठवतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल मला बंधुभाव आहे. माझ्या वर्गाचं दार व्याख्यानाच्या मध्यात उघडतं आणि शिपाई सांगतो, "सर, वरच्या हॉलमध्ये पडदा निळा झालाय." मुलंही माना डोलावतात. निळा झाला म्हटल्यावर जायलाच हवं.

तर भाऊसाहेब. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"वेबसाइट समितीचं पत्र?"

"पत्र असं नाही. पण वेबसाइटवरच आहे ना, समित्यांच्या पानावर. समन्वयक म्हणून माझं नाव."

"वेबसाइटवर कोणीही काहीही लिहू शकतं, सर."

"कोणीही नाही. पासवर्ड फक्त माझ्याकडे आहे."

"बघा, म्हणजे तुम्हीच लिहिलंय. मग तर अजिबात धरता येणार नाही."

शेजारी एक काका मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी बोनाफाइड घ्यायला आले होते. जुन्नरकडचे. त्यांचा नंबर माझ्यानंतर होता, पण त्यांना घाई दिसत नव्हती. "बरोबर आहे भाऊसाहेबांचं," ते म्हणाले. "आपला दाखला आपणच कसा लिहायचा?"

मी पुढचा कागद सरकवला. शिक्षकांसाठी ऑनलाइन अध्यापनाची कार्यशाळा, जिओटॅग केलेल्या रंगीत फोटोसह. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ, सगळं. भाऊसाहेबांनी फोटो खिडकीकडे धरला.

"यात तुम्ही कुठं आहात?"

"मी फोटो काढतोय."

"म्हणजे फोटोत नाही."

"भाऊसाहेब, फोटो काढणारा फोटोत कसा असेल?"

"बाकीचे असतात की." त्यांनी दुसऱ्या एका सरांची फाईल उघडून दाखवली. तीच कार्यशाळा, तोच फोटो. डावीकडून तिसरे ते सर समईला हात लावून हसतायत. समई पेटल्यावर ते चहाला गेले ते गेलेच, हे मला माहीत होतं. जिओटॅगला माहीत नव्हतं.

"पण कार्यशाळा मी घेतली! मागे पडद्यावर दिसतंय ते माझ्या लॅपटॉपवरचं आहे."

भाऊसाहेबांनी पडद्यावर बोट टेकवून वाचलं, "नो सिग्नल."

काका फोटो बघायला पुढे वाकले. "सर, सेल्फी घ्यायचा ना," ते कळवळून म्हणाले.

मी शेवटचा पत्ता टाकला. प्रवेशाच्या दिवसांत सर्व्हर बंद पडला तेव्हा मध्यरात्रीनंतर लॉगिन करून मीच तो चालू केला होता. त्याच्या लॉगचं प्रिंट मी आणलं होतं. मिनिटामिनिटाची नोंद. जगातल्या कुठल्याही ऑडिटरने हा पुरावा डोक्यावर घेतला असता.

"याच्यावर सही कोणाची?"

"लॉगवर सही नसते. मशीन लिहितं ते."

"मशीनला अधिकार आहेत का?"

यावर काकांनी स्वतःचा अनुभव सांगितला. सातबारा आता डिजिटल सहीचा ऑनलाइन मिळतो, सही-शिक्क्याची गरज नाही असं त्या कागदावरच छापलेलं असतं. तो घेऊन ते सोसायटीत गेले. तिथल्या सचिवाने ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "हे खरं आहे, असा तलाठ्याचा शिक्का आणा." भाऊसाहेब आणि काका दोघंही यावर समाधानाने हसले. एकाच गावचे निघाले असते तरी इतकं जमलं नसतं. मी एकटा पडलो.

१९८९ मध्ये आमच्याच विषयातल्या दुसऱ्या एका डेव्हिसांनी, फ्रेड डेव्हिस यांनी, मांडलं की, माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारतो तेव्हा दोन गोष्टी बघतो: ते आपल्या उपयोगाचं वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का. हे मी दरवर्षी पहिल्या सत्रात शिकवतो. मुलं बाण काढून आकृती पाठ करतात. भाऊसाहेबांना संगणक उपयोगाचा वाटतो आणि सोपाही वाटतो. ते त्यावर अर्ज टाइप करतात, प्रिंट काढतात, सही घेतात, स्कॅन करतात, मला ईमेल करतात आणि मग वर येऊन विचारतात, "ईमेल मिळाला का? प्रिंट काढून द्या, फाईलला लावतो." या आकृतीत बाण कुठून कुठे काढायचा ते मला सुचलेलं नाही. काका ज्या बोनाफाइडसाठी ताटकळत होते, ते ऑनलाइन मिळण्याची सोयही मीच केलेली आहे. ऑनलाइन अर्ज आला की त्यावर 'समक्ष भेटा' असा शेरा पडतो.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हेच कॉलेज माझ्या फोनवर चाललं होतं. फुकटातलं झूम ४० मिनिटांनी बंद पडायचं आणि आमच्यातल्या एका ज्येष्ठ सरांना वाटायचं की ते मीच करतो. त्यांनी एक अख्खं व्याख्यान म्यूटवर दिलं. मुलांनी कळवलं नाही, उलट त्या महिन्यात त्यांचा अभिप्राय सुधारला. त्या काळात मी सगळ्यांना शिकवलं: स्क्रीन कशी दाखवायची, आणि स्क्रीनवरची कोणती गोष्ट दाखवायची नाही. त्याचं पत्र? तेव्हा पत्र देणारेच माझ्याकडून ईमेल पाठवायला शिकत होते.

हसू येतं, पण ते फार वेळ टिकत नाही. 'जरा बघता का' म्हणून गेलेल्या दुपारी कुठल्याच रकान्यात बसत नाहीत. एका शोधनिबंधात परीक्षकांनी सुधारणा सुचवल्या होत्या, मुदत संपली तेव्हा मी नॅकच्या पानांना पीडीएफ चिकटवत बसलो होतो. निबंध माझा होता, पीडीएफ संस्थेच्या. आणि हे रडगाणं माझ्या एकट्याचं नाही. आमच्या मॅडम लोकांना प्रत्येक कार्यक्रमात रांगोळी, गुच्छ आणि पाहुण्यांची वास्तपुस्त, असं कोणी न सांगताच ठरलेलं असतं. त्यांच्या कामाला तर समिती हे नावही मिळत नाही. त्यांच्यातल्या एकीला मी बायोमेट्रिकबद्दल सांगायला गेलो तर म्हणाल्या, "तुमची निदान वस्तू तरी आहे, सर. आमची रांगोळी संध्याकाळी झाडून टाकतात."

प्रमाणपत्राची युक्ती भाऊसाहेबांचीच. समन्वयकाने समिती सदस्याला प्रमाणपत्र दिलं तर चालतं. समन्वयक मी, सदस्यही मी. वेबसाइटवर मी लिहिलेलं चालत नव्हतं, पण लेटरहेडवर मी लिहिलेलं जावक क्रमांक घालून चाललं. मग प्रत्येक समितीचं एकेक केलं. भाऊसाहेबांनी कॅल्क्युलेटरवर बेरीज केली आणि खूश होऊन म्हणाले, "दहाच्या पुष्कळ वर गेलं की! दहापैकी दहा."

"वरचे?"

"लॅप्स."

"पुढच्या वर्षाला धरता येणार नाहीत?"

"सर, सीएलची रजा पुढे जात नाही, हे तर गुण." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? दहा झाले की थांबायचं. तुम्ही उगाच करत बसता."

मी फाईल आवरत होतो तेवढ्यात काकांनी मोबाईल पुढे केला. पोर्टलचा ओटीपी येत नव्हता. नंबर जुना नोंदवलेला निघाला. मुलीला फोन लावून तिचा आधार जोडलेला नंबर कोणता ते विचारलं, आणि काकांच्या शेजारी बाकावर बसून त्यांचं सगळं मार्गी लावता लावता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. समाजासाठी १० गुण! तो रकाना माझ्या अर्जात कोरा होता. मी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, चेहऱ्यावर सेवाभाव आणला आणि म्हणालो, "भाऊसाहेब, काढा फोटो. आता मी आहे त्यात."

भाऊसाहेबांनी फोन उचलला, लोकेशन चालू केलं, एक डोळा मिटून नेम धरला आणि पुन्हा खाली घेतला.

"सर, बॅनर कुठंय?"