पोर्तो रिकोच्या १९५० च्या उठावाविषयी खुलासा
कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर अमेरिकी सत्तेविरुद्ध झालेला १९५० चा उठाव आणखी काही आठवडे तग धरून राहिला असता, तर पोर्तो रिको लढून स्वतंत्र झाला असता, असे सध्या सांगितले जाते. ते वस्तुस्थितीला धरून नाही. ३० ऑक्टोबर रोजी उठावातील राष्ट्रवादी नेत्या ब्लांका कानालेस यांनी हायुया या डोंगराळ गावात, १९४८ च्या कायद्याने बंदी घातलेला पोर्तो रिकोचा ध्वज फडकवला, आणि त्या धैर्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु मूठभर शस्त्रांनिशी उठलेल्या त्या गावावर नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाची विमाने चालून गेली. भोवताली समुद्र, समुद्रावर अमेरिकी नौदलाची हुकमत. शस्त्रे आणायला वा माघार घ्यायला शेजारी देशाची सीमाच नव्हती. शिवाय स्वातंत्र्याचा आग्रह सोडलेल्या लुइस मुन्योस मारिन यांना बहुसंख्य मतदारांनी १९४८ मध्येच गव्हर्नर म्हणून निवडून दिले होते.