शिक्षेची बदली, विमानाने

माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन आठवडे एकच विषय चालू आहे. भाच्याचं एमबीबीएस झालं, बंधपत्राच्या एका वर्षासाठी त्याला धारणी तालुक्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र मिळालं आणि घराला सुतकी कळा आली. जायचं, की 10 लाख दंड भरून मोकळं व्हायचं? वहिनी म्हणते, पोराने असा काय गुन्हा केलाय? दादा म्हणतो, भरून टाकू, पीजीचं वर्ष वाया नको. काकांनी मेळघाटातल्या कोल्हे दांपत्याचा व्हिडिओ टाकला, त्यावर दादाचं उत्तर आलं, ‘सगळ्यांना नाही जमत बाप्पा रवींद्र कोल्हे व्हायला.’ पुढे जोडलेल्या हातांच्या तीन इमोजी.

ते जोडलेले हात मला झोंबले. बैरागडला रुपया-दोन रुपये फी घेऊन राहिलेले कोल्हे, हेमलकशाचे आमटे, शोधग्रामचे बंग, सगळ्यांना एकदा नमस्कार केला की विषय मिटतो. आणि दुसऱ्या टोकाला ‘गडचिरोलीला पाठवीन’ ही साहेबांची धमकी. आमच्याकडे दुर्गम भागातला डॉक्टर एक तर संत असतो, नाहीतर शिक्षा भोगत असतो. साधा नोकरी करणारा माणूस तिथे का असू नये?

मी तशी आहे. सतरा वर्षं कॅनडात, मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेगमध्ये बालरोगतज्ज्ञ आहे आणि दर महिन्याला चार दिवस उत्तरेला, हडसन बेच्या काठावरच्या अर्व्हियाट नाहीतर रँकिन इनलेट या वस्त्यांना जाते. मंगळवारी सकाळचं विमान, शुक्रवारी रात्री घरी, शनिवारी मुलाचं हॉकी. दिवसाचे ठरलेले पैसे मिळतात, राहायला खोली मिळते. आम्ही जाणारे डॉक्टर आपापसात बोलतो ते दर, उशिरा सुटणारी विमानं आणि तिथल्या कॉफीबद्दल. उणे अडतीसमध्ये गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून ब्लॉक हीटर लावायला विसरले तर नवराही माझ्यापुढे हात जोडत नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं, जरा तोऱ्यातच. दादा म्हणाला, ‘तिकडे सिस्टिम आहे गं.’

हे वाक्य मी दिवसभर मिरवलं, खोटं कशाला सांगू. जॉर्डनची गोष्ट दुसऱ्या दिवशी लिहिली. जॉर्डन रिव्हर अँडरसन हा नॉर्वे हाउस क्री या आदिवासी समाजातला, आमच्याच प्रांतातला मुलगा. 1999 चा जन्म, जन्मापासून गुंतागुंतीचा आजार. दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, आता हा रुग्णालयाबाहेर राहू शकेल. मग घरच्या देखभालीचा खर्च ओटावाच्या केंद्र सरकारने करायचा की मॅनिटोबाने, यावर दोन सरकारांची चिठ्ठीचपाटी सुरू झाली. 2005 मध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी, तो रुग्णालयातच गेला. घराचा उंबरठा त्याने पाहिलाच नाही. 2007 च्या डिसेंबरमध्ये संसदेने ठराव केला की आधी मुलाला द्या, बिलाचं भांडण मागाहून करा. जी गोष्ट आमची आजी दारावर आलेल्याला भाकरी देताना पाळायची, तिच्यासाठी या देशाला एक मूल खर्ची घालावं लागलं.

पण दादाला जे सांगितलं नाही ते वेगळंच आहे. मागच्या हिवाळ्यात अर्व्हियाटला तीन महिन्यांचं एक बाळ आलं. आरएसव्ही, श्वसनाचा विषाणू. नुनावुत या इनुइट आदिवासींच्या उत्तरेकडल्या प्रदेशातल्या तान्ह्या बाळांना याने जितक्या प्रमाणात दाखल करावं लागतं तितकं जगात फार थोड्या ठिकाणी लागत असेल, आणि एकेका घरात दाटीवाटीने माणसं राहतात हे त्याचं एक कारण. बाळ आईच्या अमाउटीत, म्हणजे बाळासाठी पिशवी असलेल्या जाड कोटात, पाठीवर. फासळ्या आत ओढल्या जात होत्या. मी म्हटलं, मेडिवॅक (रुग्णाला न्यायचं विमान) बोलवू या, विनिपेगला न्यावं लागेल. आईने भुवया वर केल्या. तिथे याचा अर्थ ‘हो’. पहिल्या वर्षी मला वाटायचं, लोक माझ्या प्रत्येक वाक्याने चकित होतात. बाळाची आजी मात्र खिडकीतून बाहेर बघत बसली होती.

आजी का गप्प होती हे मला नर्सने सांगितलं. पन्नासच्या दशकात सरकारी जहाजं, विमानं यायची, एक्स-रे काढायची, आणि क्षय निघाला की त्या माणसाला तसंच दक्षिणेला न्यायची. 1956 च्या सुमारास सातांतला एक इनुइट दक्षिणेच्या सॅनेटोरियममध्ये होता. कित्येक परत आलेच नाहीत, आणि कुठे पुरले तेही घरच्यांना कळलं नाही. आजीची मोठी बहीण त्यातलीच. पंतप्रधानांनी इकालुइटला येऊन माफी मागितली ती 2019 मध्ये. बाळ नऊ दिवसांनी धडधाकट परतलं. पुढच्या फेरीत आजीने ‘मत्ना’, म्हणजे धन्यवाद, म्हटलं आणि लगेच विचारलं, पुढच्या महिन्यात तूच येणार का? मी भुवया वर केल्या.

इथे सहकाऱ्यांना मी गडचिरोली सांगत असते. बंगांनी गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी नवजात बाळं कशी वाचवली, ते 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कसं आलं, 2011 पासून आशांमार्फत देशभर कसं गेलं. तुम्ही विमानं उडवता, आमच्याकडे सखूबाई चालत जाते, असं म्हणते. ‘आमच्याकडे’ म्हणताना छाती अशी फुगते, जणू मी तिथेच होते.

मी तिथे नव्हते. नागपूरच्या मेडिकलमधून बाहेर पडल्यावर मलाही बंधपत्र होतं. बाबांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून दंड भरला आणि मी विमानात बसले. कॅनडात परवाना मिळाला तेव्हा करारात अट होती, रिटर्न ऑफ सर्व्हिस, ठरलेली वर्षं उत्तरेकडे. त्या कागदावर मी न वाचता सही केली. त्याला कुणी शिक्षा म्हटलं नाही, मीही नाही. डॉलरमधलं बंधपत्र होतं ते. बाबांनी याबद्दल कधी एक शब्द काढला नाही, आणि दादाने इतक्या वर्षांत पहिल्यांदा काढला, परवा: ‘तुझा भरला तेव्हा चाललं.’ तो मेसेज त्याने लगेच डिलीट केला. मी वाचला होता.

काल रात्री भाच्याचा वेगळा मेसेज आला, ग्रुपवर नाही. ‘आत्या, मी जातोय. घरी अजून सांगितलं नाही. धारणीत तू इंटर्नशिपचे दोन महिने होतीस ना? कोरकूत ‘कुठे दुखतंय’ कसं विचारायचं?’

परतवाड्याहून सेमाडोहमार्गे जाणारी एसटी आठवली, हरिसालचा चहा आठवला, पोटावर चटक्यांचे डाग असलेली बाळं आठवली. ओपीडीत मी मराठीत विचारायचे आणि सिस्टर कोरकूत. त्या काय म्हणायच्या, हे मी दोन महिन्यांत एकदाही विचारलं नव्हतं. इनुइटांच्या इनुक्टिटुट भाषेत मला हे विचारता येतं.

‘तिथल्या सिस्टरना विचार,’ असं लिहिलं. मग खोडलं आणि लिहिलं, ‘पहिल्याच दिवशी विचार.’