नारळातला ‘नार’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,
(नावाच्या जागी ‘निवृत्त संस्कृत शिक्षक’ एवढंच आहे, म्हणून काका म्हणतोय.)

तुमचे आक्षेप दोन. ‘नारळ’ हा शब्द मुळात दक्षिणेकडचा, हे मी माझ्या लेखात लिहिलं ते चूक. मनुस्मृतीत ‘आपो नारा इति प्रोक्ता’ असं आहे, तेव्हा नार म्हणजे पाणी आणि नारिकेल म्हणजे पाणी धरणारं फळ. शिवाय ‘खोबरं हा शब्द पोर्तुगीजांनी दिला’ हे माझं वाक्य हास्यास्पद.

दुसरं आधी घेतो, कारण ते खरंच हास्यास्पद होतं. गाडी उलटी गेली: इकडचा खोपरा मल्याळममध्ये कोप्परा झाला, पोर्तुगीजांनी तो उचलला आणि इंग्रजांना दिला. पोर्तुगीजांचा स्वतःचा शब्द ‘कोको’, म्हणजे बागुलबुवा! करवंटीचे तीन डोळे बघून सुचलेला. ओळ सुधारली आहे.

‘नार’वरून मात्र हटत नाही. मनुस्मृतीतलं वचन ‘नारायण’ची फोड सांगतं, नारळाचं तिथे नावही नाही. आणि नार म्हणजे पाणी धरलं, तरी मागे उरलेल्या ‘केल’चं काय करायचं? संस्कृतात नारिकेल, नारिकेर, नालिकेर अशी किती रूपं आहेत बघा. अमरकोशात नालिकेर. नाशिकच्या पांडवलेण्यांत, 10 क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात एका शिलालेखात 32,000 माड दान देतो तिथे ‘नाळीगेर’, दुसऱ्या शिलालेखात 8,000 देतो तिथे ‘नाडिगेर’. दाता एक, लेणं एक, तरी शब्द स्थिर नाही. पाहुण्याचं नाव ज्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, असंच मला दिसतं.

तमिळ-मल्याळममध्ये ‘नार’ आणि कन्नडमध्ये ‘नारु’ म्हणजे धागा, तंतू. बरेच भाषाशास्त्रज्ञ बोट दाखवतात ते इथे. पुढच्या अर्ध्याबद्दल, म्हणजे ‘केल’बद्दल, त्यांच्यातही भांडणं आहेत.

गावी आतेभाऊ पारयीवर (लोखंडी पहारीवर) नारळ सोलतो. तीन हिसक्यांत सोडणं (वरची काथ्याची सालं) बाजूला, अंगभर काथ्याचा भुगा. पाणी दिसायला अजून करवंटी फुटायची असते. हा काही पुरावा नव्हे, पण नाव ठेवणाऱ्यांनी झाडावरचा नारळ पाहिला होता, पूजेच्या ताटातला नव्हे.

तुमच्या फोडीत ‘केल’ कुठे बसतो ते कळवा. पटलं तर लेखात तुमचंच मत वर ठेवीन.