स्टॉर्ममध्ये व्हीटेक इंजिन टाकायला सांगणारा तो मेसेज खोटा आहे

परवा रात्री अकराला म्हापशाहून भाच्याचा फोन. "मामा, इंजिनाला वीस हजार ॲडव्हान्स देऊन आलो." त्याच्याकडे सॅन स्टॉर्म आहे. गोव्यातच बनलेली, दोन दारांची, दोन सीटची, फायबर बॉडीची स्पोर्ट्स कार. वीस वर्षांहून जुनी. तिच्यात रेनोचं 1149 सीसीचं, 60 हॉर्सपॉवरचं इंजिन असतं. ते काढून जुन्या होंडा सिटीचं 1.5 लिटरचं व्हीटेक (होंडाचं व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारं इंजिन), 106 हॉर्सपॉवरचं, टाकायचं असं त्याने ठरवलंय. हे डोक्यात आलं कुठून, तर महिनाभर जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजमधून. मलाही तो चार जणांनी पाठवला होता आणि मी दुर्लक्ष केलं होतं. आता घरातल्या पोराचे पैसे अडकले, म्हणून मुद्दा-मुद्दा घेऊन लिहितोय.

मेसेज म्हणतो: कोर्टाने गाडीतले बदल मान्य केलेत, आरटीओत नवा इंजिन नंबर चढवला की काम झालं. इंजिन बोल्ट-टू-बोल्ट, म्हणजे काही कापाकापी न करता, बसतं, शनिवार-रविवारचं काम. फायबर बॉडी हलकी असल्यामुळे ब्रेक बदलावे लागत नाहीत. पीयूसी निघाली की गाडी कायदेशीर. विम्याला काही अडचण नाही. वर मायलेजही वाढतं.

आधी कोर्टाचं. मेसेजमध्ये ज्याचा हवाला आहे तो निकाल केरळ हायकोर्टाचा. तो सुप्रीम कोर्टाने 9 जानेवारी 2019 ला रद्द केला, आणि हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगितलेलंच नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सरळ आहे: कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा (गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील जुळेनासा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. राज्याचे नियम काहीही असोत, ते या कलमाच्या वर जाऊ शकत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. 1149 च्या जागी 1500 सीसी हा तपशिलातला फरक नाही तर काय आहे? 2019 च्या दुरुस्तीने त्यावर शिक्षाही आली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

यात अर्धं खरं आहे ते मान्य करतो. इंजिन सीझ झालं (आतून जाम झालं) तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं दुसरं टाकून, आरटीओची मंजुरी घेऊन नंबर बदलून घेता येतो. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी न्यायची असेल तर मंजूर किटची वाट कायद्यातच आहे. मेसेजवाल्याने या दोन गोष्टी उचलल्या आणि त्यांच्या आडून तिसरीच खपवली. भाच्याच्या गाडीची पंधरा वर्षं कधीच उलटलीत, दर पाच वर्षांनी रिन्यूअलला गाडी पासिंगला न्यावी लागते. तिथे इन्स्पेक्टर बोनेट उघडून चासी नंबर, इंजिन नंबर बघतो. होंडाचा नंबर दिसल्यावर तो काय करेल?

बोल्ट-टू-बोल्टवर फार लिहीत नाही, एकच सांगतो. होंडा सिटीचं ते व्हीटेक इंजिन डी-सिरीजचं, आणि त्याचा क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) बाकीच्या बहुतेक इंजिनांच्या उलटा फिरतो. रेनोच्या गिअरबॉक्सला ते जोडलंच, तर पाच गिअर रिव्हर्सचे आणि एक पुढचा मिळेल. म्हणजे गिअरबॉक्सही होंडाचाच हवा, आणि तो बसतो दुसऱ्या बाजूला. मग माउंटिंग नवे, ड्राइव्ह शाफ्ट कापून-जोडून, वायरिंग आणि ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) वेगळे. हे दोन दिवसांत होतं म्हणणाऱ्याने आयुष्यात इंजिन उतरवलेलं नाही.

आता ब्रेकचं. सगळ्यात जास्त राग मला याचा आलाय, कारण बाकीच्यात पैसे जातील, यात माणूस जाईल.

2006 च्या सुमारास एका मित्राने मारुती 800 मध्ये एस्टीमचं इंजिन टाकून घेतलं होतं. ब्रेक मूळचेच. कोल्हापूरहून सावंतवाडीला निघालो, मी शेजारी बसलेलो. सपाटीवर गाडी अशी पळाली की आम्ही दोघंही खूश. आंबोली घाट उतरताना चौथ्या-पाचव्या वळणावर जळकट वास आला. पुढच्या वळणाला त्याने ब्रेक दाबला तर पेडल मऊ लागलं, त्याच्या पुढच्याला पाय पार मॅटला टेकला. त्याने दुसरा गिअर पाडला, हँडब्रेक खेचला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. दुसरी बाजू दरीची होती. उतरून बघितलं तर पुढच्या चाकातून धूर निघत होता.

ब्रेक गाडीचा वेग उष्णतेत बदलतो, आणि ही उष्णता वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी 80 ऐवजी 120 वरून थांबायचं तर वेग दीडपट, पण उष्णता सव्वादोनपट. ती आधी पॅडला आणि मग ब्रेक ऑइलला झेलावी लागते. डॉट 3 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश, आणि पाणी शोषलं की मापदंडानेच तो 140 पर्यंत खाली धरलाय. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय मॅटला टेकतो. बॉडी फायबरची असली तरी आत इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आणि दोन माणसं आहेतच. कंपनीने ब्रेक ठरवताना 60 हॉर्सपॉवरची गाडी धरली होती, 106 ची नाही. भाचा घाटातून येतो-जातो. हा मुद्दा त्या मेसेजमध्ये एका ओळीत, पुढे हसरा चेहरा टाकून लिहिलाय.

पीयूसी पेट्रोल गाडीचा धूर मोजते, इंजिन कुणाचं आहे ते विचारत नाही. तिच्यावरून बदल कायदेशीर ठरत नाही.

विम्याचं तर उलटं आहे. बदल कळवला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला कंपनीला आयतं कारण मिळतं. समोरचा माणूस जखमी झाला तर कोर्ट बऱ्याचदा कंपनीला भरपाई द्यायला लावतं आणि ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. भाच्याचा पगार किती, हे मला माहीत आहे.

मायलेज: मोठं इंजिन हायवेवर एका वेगाने निवांत चालतं, हे खरं. पण 106 हॉर्सपॉवर टाकून घेणारा निवांत चालवत नाही.

60 हॉर्सपॉवर कमी आहे, हे मलाही मान्य आहे. दिसायला एवढी देखणी गाडी आणि चढाला दम लागतो, पोराची तगमग कळते. पण त्याच्या गाडीचं मूळ इंजिन थकलंय की मुळातच तेवढं आहे, हे कुणी तपासलेलंच नाही. आज सकाळी त्याला सांगितलंय, आधी ॲडव्हान्स परत माग, नाही म्हणाले तर मला फोन लावून दे. रविवारी मी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) घेऊन म्हापशाला येतोय. चारही सिलिंडर तपासू, पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील तर इंजिन खोलू, आणि त्याच दिवशी ब्रेक ऑइलही बदलू.