हल्ल्याचं सैन्य उपाशी होतं

मे 2025 मधली, भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांतली गोष्ट. सायरनची मॉक ड्रिल होऊन गेली होती. टीव्हीवर रात्रभर शहरं पडत होती आणि सकाळी जागच्या जागी सापडत होती. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये नऊ-दहा वर्षांच्या पोरांनी दोन देश केले होते. अडचण एकच, दुसरा देश व्हायला कुणी तयार नव्हतं. मग रोज चिठ्ठ्या टाकायच्या असं ठरलं आणि माझ्या लेकावर सलग तीन दिवस शत्रू व्हायची पाळी आली. तिसऱ्या दिवशी रडतच वर आला.

त्याला गप्प करायला म्हणून मी लॅपटॉपवर 'गुपी गाईन बाघा बाईन' लावला. सत्यजित राय यांचा 1969 चा सिनेमा. मूळ गोष्ट त्यांच्या आजोबांची, उपेंद्रकिशोर रायचौधुरींची, 1915 साली 'संदेश' या मुलांच्या मासिकात आलेली. बंगाली आम्हा दोघांनाही येत नाही. मी सबटायटल वाचत मराठीत सांगत होतो, म्हणजे सांगताना पदरचं थोडं घालतही होतो. एक गंमत मात्र फुकटात मिळाली. सिनेमात शुंडी आणि हल्ला अशी दोन राज्यं आहेत. बंगालीत हल्ला म्हणजे गोंगाट, गदारोळ. आपल्याकडे सरळ हल्लाच. "हल्ल्याचा राजा काय करणार मग, हल्लाच करणार ना," असं म्हणून पोरगं रडं विसरून हसायला लागलं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गुपीला गाता येत नाही, बाघाला ढोल वाजवता येत नाही, दोघांनाही गावातून हाकललेलं. जंगलात भुतांचा राजा भेटतो आणि तीन वर देतो. टाळी दिली की हवं ते खायला-ल्यायला मिळेल, जोडे घातले की हवं तिथे जाता येईल, आणि गाणं सुरू झालं की ऐकणारा जागचा हलणार नाही. या भांडवलावर दोघं एक युद्ध थांबवतात.

मला त्यातला हेराचा प्रसंग फार आवडतो. हल्ल्याच्या मंत्र्याने शुंडीत हेर पाठवलेला असतो. हा हेर म्हणजे निव्वळ हाडांचा सापळा. मंत्री त्याला विचारतो, सैन्य किती? नाही. शस्त्रं? नाहीत. मग तिथे आहे तरी काय? तर हेर सांगतो की शेतात पीक आहे, झाडांना फळं आहेत, फुलं आहेत, पक्षी आहेत, शांतता आहे, लोक हसतात. सांगता सांगता त्याचाच चेहरा उजळतो. आणि मंत्र्याला त्या यादीत चढाई न करण्याचं एकही कारण दिसत नाही. माझा लेक म्हणाला, "बाबा, याला आधी जेवायला द्या ना कुणीतरी."

त्या दिवशी माझा मामा आमच्याकडे आला होता. साताऱ्याकडचा, फौजेतून रिटायर झालेला, 1971 चं युद्ध पाहिलेला. तो पेपर वाचतोय असं दाखवत मागून बघत होता. शेवटी हल्ल्याचं सैन्य निघतं, उंटांसकट, आणि निघताच येत नाही, कारण सगळे उपाशी. आभाळातून मिठाईच्या हंड्या उतरायला लागतात, शिपाई हत्यारं टाकून त्यांच्याकडे धावत सुटतात. मी मामाकडे चोरून पाहिलं. म्हटलं, आता याला राग येणार, शिपायांची चेष्टा केली म्हणून. मामा पोट धरून हसत होता. मग डोळे पुसून म्हणाला, "लंगरचं जेवण वेळेवर पोचलं नाही ना, की सगळे असेच दिसतात. आमच्या खिशात शक्करपारे असायचे. दोन दिवस त्याच्यावर काढलेत."

तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. मुलांच्या गोष्टी युद्धाची खिल्ली उडवतात ती दोन तऱ्हांनी, असं मला वाटायला लागलंय. मला त्यातली एकच पूर्ण पटते.

पहिली तऱ्हा म्हणजे अंड्याची. जोनाथन स्विफ्टच्या 1726 च्या 'गलिव्हर'मध्ये लिलिपुट आणि ब्लेफुस्कू या दोन चिमुकल्या देशांचं वैर आहे, उकडलेलं अंडं कुठल्या टोकाकडून फोडायचं यावरून. लिलिपुटच्या राजाच्या आजोबांचं लहानपणी मोठ्या टोकाकडून फोडताना बोट कापलं, म्हणून पणजोबांनी फर्मान काढलं की यापुढे सगळ्यांनी छोट्या टोकाकडून फोडायचं. त्यावरून सहा बंडं झाली, अकरा हजार माणसं मेली. आणि धर्मग्रंथात काय लिहिलंय? खऱ्या श्रद्धावानाने सोयीच्या टोकाकडून फोडावं. कुणाच्या सोयीच्या, ते लिहिलेलं नाही.

मी लहानपणी वाचलेल्या मराठी गलिव्हरमध्ये हे अंडं नव्हतंच. दोरांनी बांधलेला गलिव्हर होता, ओढून आणलेली जहाजं होती. अंडं मला भेटलं ते थेट नोकरीत, कॉम्प्युटरच्या मेमरीत. आमच्या धंद्यात आकड्याचे बाइट, म्हणजे तुकडे, कुठल्या टोकाकडून मांडायचे याच्या दोन रीती आहेत, बिग-एंडियन आणि लिट्ल-एंडियन. ही नावं संगणकतज्ज्ञ डॅनी कोहेन यांनी 1 एप्रिल 1980 ला लिहिलेल्या एका टिपणामुळे रूढ झाली. त्याच्या शीर्षकातच धर्मयुद्धं आणि शांततेची विनवणी आहे, आणि शब्द त्यांनी स्विफ्टच्या अंड्यावरून उचलले. हिंजवडीत रोज हजारो लोक हा शब्द वापरतात. लहानपणी गाळलेलं पान असं पगारी नोकरीत परत आलं.

याच तऱ्हेतलं दुसरं उदाहरण मुलांसाठी लिहिणारे अमेरिकी लेखक-चित्रकार डॉक्टर स्यूस यांचं 'द बटर बॅटल बुक', 1984 चं, म्हणजे अमेरिका आणि सोव्हिएत संघ अण्वस्त्रं मोजत बसले होते तेव्हाचं. योक लोक ब्रेडला लोणी वरून लावून खातात, झूक लोक खालून. मध्ये भिंत. आधी काटेरी छडी, मग गलोल, मग त्याहून मोठं यंत्र, मग त्याहून मोठं, प्रत्येक वेळी नाव आणखी लांबलचक आणि गणवेश आणखी भपकेबाज. शेवटी दोन म्हातारे भिंतीवर समोरासमोर उभे, दोघांच्या हातात एकेक छोटासा बॉम्ब. त्यातल्या योक म्हाताऱ्याचा नातू विचारतो, आता कोण टाकणार? आजोबा म्हणतात, बघू. आणि पुस्तक संपतं. झोपताना वाचून दाखवायच्या पुस्तकाचा शेवट असा करायला छाती लागते.

पण माझी तक्रार इथेच आहे. अंडं काय, लोणी काय, दोन्हीकडचे सारखेच येडे, असं ठरलं की वाचणारा मजेत बाजूला होतो. खरं युद्ध असं नसतं. कुणीतरी चढाई करतं आणि कुणाचं तरी घर जातं. आणि विनोद करणाराही काही धुतल्या तांदळाचा नसतो. याच स्यूस यांनी दुसऱ्या महायुद्धात वर्तमानपत्रासाठी व्यंगचित्रं काढली, त्यात 1942 मध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना रांगेत उभं राहून स्फोटकं घेताना दाखवलं होतं. पुढे ते जपानला जाऊन आले आणि 1954 चं 'हॉर्टन हिअर्स अ हू!' हे पुस्तक क्योटोच्या एका प्राध्यापक मित्राला अर्पण केलं. त्यांनी ती चित्रं काढली नसती तर बरं झालं असतं, पण निदान 'बटर बॅटल' लिहिणाऱ्याला भिंतीच्या अलीकडून ओरडणं कसं असतं हे स्वतःच्या हाताने माहीत होतं.

स्विफ्टवर मात्र मी थोडा अन्याय करतोय. त्याने अंड्यावर गोष्ट थांबवली नव्हती. गलिव्हर शत्रूची पन्नास जहाजं ओढून आणतो, तर राजा खूश व्हायचं सोडून म्हणतो, उरलेलीही आण, तो देश आपला सुभा करून टाकू. गलिव्हर नकार देतो, स्वतंत्र लोकांना गुलाम करायला मी हत्यार होणार नाही म्हणतो, आणि तिथून त्याच्यावर राजद्रोहाची कलमं लागायला सुरुवात होते. म्हणजे अंडं हे निमित्त होतं हे स्विफ्टला पक्कं ठाऊक होतं. आपल्या लक्षात अंडं राहतं, पुढचं पान गळतं.

दुसरी तऱ्हा हंडीची. तिथे भांडणाचं कारण किती फालतू यावर वेळ घालवत नाहीत. कोण खातंय आणि कोण उपाशी आहे तेवढं दाखवतात. रायांच्या सिनेमात हल्ल्याचा राजा मुळात साधाभोळा आहे, औषध पाजून त्याला चवताळवलेलं आहे. शुंडीचा राजा त्याचाच हरवलेला भाऊ, दोन्ही भूमिका संतोष दत्तांनीच केल्यात. मंत्री गुबगुबीत. सैन्य खंगलेलं. दोन्ही बाजू सारख्या येड्या, असं इथे म्हणायची सोयच नाही. शुंडीने कुणाचं काही बिघडवलेलं नाही, आणि हल्ल्याच्या शिपायाचंही शुंडीशी काही वैर नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हे न सांगता कळलं. राज्यशास्त्र शिकलेल्या माझ्या मित्रांना अजून सांगावं लागतं.

एरिश केस्टनर यांच्या 1949 च्या 'प्राण्यांची परिषद' या जर्मन गोष्टीचं मन असंच आहे. माणसांच्या परिषदांना कंटाळून प्राणी आपली परिषद भरवतात. उंदीर जाऊन माणसांच्या फायली कुरतडतात, तर फायलींच्या नकला निघतात. कसर ही कीड जाऊन गणवेश खाते, तर नवे गणवेश येतात. मग प्राणी जगातली सगळी मुलंच लपवून ठेवतात, आणि तेव्हा कुठे शांततेच्या करारावर सह्या होतात. यातली कसर मला फार आवडते. गणवेशाला कसर लागते ही गोष्ट कुठल्याही संचलनात दिसत नाही. केस्टनरना हे लिहायचा हक्क होता. 1933 च्या मे महिन्यात बर्लिनला नाझींनी पुस्तकं जाळली तेव्हा गर्दीत उभं राहून स्वतःची पुस्तकं जळताना त्यांनी पाहिली होती.

सिनेमाबद्दल मी आमच्या पालकांच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा एकाने लगेच टाकलं, "मुलांना असलं दाखवून मवाळ करू नका." मी मामाचं हसणं सांगितलं. त्यावर अंगठा आला, बाकी काही नाही.

दिवाळीत लेकाने किल्ला केला. मावळे आणायला गेलो तर त्याने भाजीवाली घेतली, भाकऱ्या थापणारी बाई घेतली, आणि पैसे उरले तेवढ्यात मावळे. मला शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्र आठवलं. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणावैरण बेफाम उधळू नका, नाहीतर रयतेच्या घरात शिराल, इथपासून ते दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत सगळं त्यात आहे. ते त्याला वाचून दाखवलं. त्याने फक्त उंदीर लक्षात ठेवला, आणि पणत्या गवतापासून लांब सरकवल्या.

मग प्रत्येक मावळ्याच्या पायाशी एकेक शंकरपाळा ठेवला. तोफेपाशी दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बुरुजापासून बालेकिल्ल्यापर्यंत मुंग्यांचा वेढा पडलेला. फोटो काढून मामाला पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं, "रसद उघड्यावर ठेवत नाहीत. डबा आण म्हणावं."